लसूण-कोथिंबिरीचं बटर: मऊ करा, वितळवू नका

लसणाचं बटर म्हणजे मऊ बटरमध्ये लसूण, कोथिंबीर, मीठ आणि मिरी कालवायची, गुंडाळी करायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. एवढं सोपं असूनही कितीतरी जणांचं बटर वरून पिवळं, खालून हिरवं आणि जिभेवर रवाळ होतं. याला कारण आहे ती सगळीकडे आढळणारी एक ओळ, ‘बटर तासभर बाहेर ठेवून रूम टेंपरेचरला आणा.’ ही ओळ थंड देशांतल्या पाककृतींतून आली आहे. तिथली खोली वीस अंशांच्या आसपास असते. मी नागपूरची. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना ओट्यावर तासभर ठेवलेलं बटर तूप व्हायच्या वाटेला लागलेलं असतं.

प्रमाण माझं ठरलेलं आहे. २०० ग्रॅम बटर, गावठी लसणाच्या १२-१५ पाकळ्या, चार मोठे चमचे बारीक चिरलेली कोथिंबीर (आमच्याकडे तिला सांबार म्हणतात), अर्धा चमचा भरड मिरी आणि एका लिंबाची किसलेली पिवळी साल. बिनमिठाचं बटर असेल तर अर्धा छोटा चमचा मीठ, आणि पिवळं खारं बटर असेल तर वरून चिमूटभरही नको. लिंबाचा रस मी घालत नाही, कारण तो बटरमध्ये नीट मिसळत नाही आणि आंबटपणामुळे ठेचलेला लसूण कधीकधी हिरवा-निळा पडतो. लसणाची पावडर वापरणार असाल तर मग हे घरी करण्यात काही अर्थच नाही.

घरचं लोणी वापरायचं असेल तर ते गार पाण्यात चार-पाच वेळा, पाणी नितळ होईपर्यंत धुवा आणि लाकडी डावानं दाबून दाबून सगळं पाणी काढा. आत ताक राहिलं तर ते दोन दिवसांत आंबतं.

आता बटर मऊ करण्याचं काम. सगळं इथेच बिघडतं.

टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. हे पाणी बारीक थेंबांच्या रूपात घट्ट स्निग्धांशात अडकून बसलेलं असतं, म्हणून बटर गुळगुळीत लागतं. बटर वितळतं साधारण ३२ ते ३५ अंशांना. एकदा वितळलं की पाणी सुटून तळाशी जातं. पुन्हा गार केल्यावर ते घट्ट होतं, पण आधीची ठेवण परत येत नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धं वितळलेलं बटर ‘फ्रीजमध्ये होईल नीट’ म्हणून तसंच कालवलं. दुसऱ्या दिवशी डब्यात तीन थर होते, वर पिवळी कडक साय, मध्ये रवाळ गोळा आणि तळाला पाण्यात बसलेला लसूण. त्यानंतरही दोन उन्हाळे मी हीच चूक करत राहिले, कारण पाककृतीतलं घड्याळ बघत होते, बटरकडे बघत नव्हते.

म्हणून वेळ मोजू नका, बोटानं दाबून बघा. बोट सहज रुतलं पाहिजे, खळगा तसाच राहिला पाहिजे आणि बटरचा वरचा भाग बिनचकाकीचा दिसला पाहिजे. तो चकाकायला लागला, बोटाला तेलाचा थर आला, की उशीर झालाच म्हणून समजा. लगेच ताट पाच मिनिटं फ्रीजमध्ये ढकला.

उन्हाळ्यात मी बटर बाहेर ठेवतच नाही. फ्रीजमधून काढलं की कागदासकट धरून जाड किसणीवर किसते. किसून होईपर्यंत ते कालवण्याजोगं झालेलं असतं. ज्या वाडग्यात कालवायचं ते माठातल्या पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवते. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठाचं पाणी छान गार होतं आणि या कामाला तेवढा गारवा पुरतो. कोकणात किंवा मुंबईत हवा दमट, तिथे माठावर भिस्त ठेवू नका, परातीत बर्फाचे दोन-चार खडे टाका. डिसेंबरात मात्र छोटे तुकडे करून अर्धा तास ताटात पसरून ठेवलं की झालं. मायक्रोवेव्ह कुठल्याच ऋतूत नको. त्यात एक कोपरा वितळतो आणि मधला भाग दगड राहतो.

एवढं करूनही वितळलंच, तर ते वाचवायच्या भानगडीत पडू नका. लसूण घातलेला नसेल तर कढवून तूप करा. घातलेला असेल तर त्याच दिवशी गरम भातावर घ्या किंवा पावाला लावून संपवा.

लसूण खलबत्त्यात ठेचा, बिनमिठाचं बटर असेल तर मिठाबरोबर. अर्धा लसूण कच्चाच ठेवा आणि उरलेला अर्धा, चमचाभर बटरमध्ये मंद आचेवर, रंग न बदलता, उग्र वास जाईपर्यंत परता. सगळाच कच्चा घातला तर तासाभरात बाकी सगळ्या चवी झाकून टाकतो. परतलेला लसूण पूर्ण गार झाल्याशिवाय बटरला लावू नका, नाहीतर सांभाळून मऊ केलेलं बटर त्या एका चमच्यानं वितळेल.

कोथिंबीर धुऊन पंचावर पूर्ण कोरडी करा आणि मगच चिरा, कोवळ्या देठांसकट. थंडीत लसणाची पात मिळते तेव्हा कोथिंबीर निम्मी करून पात घाला. पुदिना नको, काळा पडतो.

सगळं चमच्यानं कालवा, बटर पेपरवर लांबट वळी करा, टोकं पिळा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

हे बटर ओट्यावर ठेवू नका, हिवाळ्यातसुद्धा. लसूण मातीत वाढतो आणि त्याच्याबरोबर बोट्युलिझम (जीवघेणी अन्नविषबाधा) घडवणाऱ्या जंतूंचे बीजाणू येऊ शकतात. स्निग्ध पदार्थात हवा पोचत नाही आणि अशाच जागी ते विष तयार करतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये फ्रीजबाहेर ठेवलेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे अनेक जण आजारी पडले होते. वास किंवा चव बघून हे कळेलच असं नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये दोन महिने, त्यापुढे मी ठेवत नाही. फ्रीझरला टाकायचं असेल तर आधीच चकत्या कापून घ्या.

लादी पावाला आतून लावून झाकण ठेवून तव्यावर शेका. कोळंबीवर घालायचं तर गॅस बंद केल्यावर. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की पापुद्रा उचलून आत एक चकती सरकवा. आणि पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेलं कणीस गरम असतानाच त्यावर ही चकती फिरवा.