बोट नव्हे, पंप घेताय: जुन्या जेट बोटीची तयारी

सौदा करायला जाताना पिशवीत लाकडी हातोडी, बॅटरी, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आणि मळले तरी चालतील असे कपडे घ्या. पैसे घरी ठेवा. मी नेमकं उलटं केलं. गोव्यातल्या एका शेडमध्ये सोळा फुटी जुनी स्पीडबोट बघितली. लाल रंग विटलेला, इंजिन काढून नेलेलं, पाठीमागं पंखा नाही, नुसतं पाण्याचा झोत सोडणारं ॲल्युमिनियमचं तोंड, म्हणजे जेट बोट. तिथंच विसार देऊन मोकळा झालो. बेळगावला आणल्यावर आठ दिवसांनी कळलं, की मागची फळी आतून ओल्या शेणासारखी झाली आहे. वरच्या फायबरवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

गल्लीतले सगळे बघून गेले. प्रत्येकजण इंजिनाच्या रिकाम्या खड्ड्यात डोकावून कुठलं इंजिन बसेल ते सांगायचा. उसाच्या मोटारी दुरुस्त करणारे आमचे एक मिस्त्रीकाका तेवढे मागं उकिडवे बसले, त्या ॲल्युमिनियमच्या तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाले, "हा पंपच की ओ! विहिरीवरला पाणी वर टाकतो, ह्यो मागं टाकतो, एवढंच." त्या एका वाक्यानं माझी यादी उलटी झाली. इंजिन शेवटी गेलं, पंप वर आला.

काकांचं म्हणणं इतिहासालाही धरून आहे. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत पुष्कळ जेट बोटींना जो बर्कलेचा पंप बसायचा, त्या कंपनीचा मूळ धंदा शेतीच्या पंपांचा. आणि ज्यानं हे प्रकरण खऱ्या अर्थानं चालवून दाखवलं तो न्यूझीलंडचा बिल हॅमिल्टन मेंढ्या पाळणारा शेतकरी होता. त्याच्या भागातल्या नद्या उथळ, गोट्यांच्या. पंखा खाली लोंबकळला की मोडणार. १९५४ साली त्यानं पाण्याचा झोत बोटीच्या पाठीमागं, पाण्याच्या पातळीच्या वर सोडला आणि बोट पळाली. १९७७ मध्ये एडमंड हिलरी गंगासागरहून गंगेतून उलट्या प्रवाहानं वर निघाले ते अशाच तीन जेट बोटी घेऊन; नंदप्रयागजवळच्या धबधब्यानं अडवलं तेव्हा कुठं थांबले. तेव्हा तुमच्या बोटीला माणूस शोधताना बोटवाला शोधत हिंडू नका. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं, तिथं पंपाला हात लावणारा माणूस उद्यमबागेच्या कारखान्यांत एक चहा पिऊन होईपर्यंत सापडतो.

आता हातोडी. तळ, मागची फळी आणि आतल्या उभ्या दांड्या वीतभर अंतरानं ठोकत जा. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक. बद्द वाजलं तर आत लाकूड कुजलंय. शंका असेल तिथं मालकाला विचारून आतल्या बाजूनं बारीक भोक पाडा: भुसा पांढरट आणि कोरडा निघाला तर बरं, काळा आणि ओला निघाला तर भाव निम्मा. त्यानंतर पंपाच्या तोंडात हात घाला. पात्यांच्या कडा चाचपून बघा. मुंग्यांनी खाल्ल्यासारखे बारीक खड्डे लागले तर त्या पंपाला बरीच वर्षं पुढून पाणी कमी पडलेलं आहे.

हे सगळं एप्रिलच्या आत उरका आणि बोट घाट चढवून आणा. चोर्ल्याचा रस्ता पावसाळ्यात अवजड वाहनांच्या कामाचा नाही. विक्रीचं पत्र, मालकाच्या ओळखपत्राची प्रत, इंजिन नंबर असेल तर त्याचा ठसा, एवढं घेतल्याशिवाय क्रेन लावू नका. पुढं प्रत्येक खिडकीवर तेच मागतात.

बेळगावचा पाऊस या कामाला एका अर्थी बरा. जून ते सप्टेंबर फायबरला हात लावायचा नाही, दमट हवेत रेझिन, म्हणजे फायबरच्या कापडाला लावायचा चिकट रस, नीट धरत नाही. तेवढ्या महिन्यांत नुसतं खोलायचं. प्रत्येक नटाचा फोटो, प्रत्येक भागाची वेगळी पिशवी, पिशवीवर मार्करनं नाव. कुजकी फळी काढण्याआधी बोटीला खालून लाकडी घोडा करून घ्या आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजून भिंतीवर लिहून ठेवा. आधार न देता फळी काढली की फायबर सैल पडतं, तळाला पोट येतं, आणि वाकड्या तळाची बोट पुढं आयुष्यभर बेडकासारखी उड्या मारत चालते.

फायबरचं काम दसऱ्यानंतर. प्लायवूड पाण्यात टिकणारं, आयएस ७१० शिक्क्याचंच, फर्निचरवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. दुकानात रेझिन, ते लवकर घट्ट व्हायला कोबाल्ट आणि घट्ट करणारा हार्डनर अशा तीन वस्तू मिळतील. यातली एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटायचं, आणि लावायच्या क्षणी हार्डनर. माझ्याकडं एक खिडकीत, दुसरा शेडच्या पार विरुद्ध कोपऱ्यात असतो. हार्डनरचं माप किलोला दहा ते वीस ग्रॅम, ते इंजेक्शनच्या सिरिंजनं घ्यायचं, डोळ्यानं नाही. डिसेंबरच्या सकाळी बेळगावात हेच मिश्रण तासभर ढिम्म बसून राहतं. मार्चच्या दुपारी मी पाऊण लिटर एकदम कालवलं तर ब्रश बुडवेपर्यंत मगातून धूर निघाला आणि प्लास्टिकचा मग खालून वितळून चपलेला चिकटला. थोडं थोडं कालवा. जुन्या फायबरला नवी फळी चिकटवायची तेवढ्या ठिकाणी पैसे सोडा आणि इपॉक्सी हे महाग रेझिन आणा. नेहमीचं साधं पॉलिएस्टर रेझिन जुन्या थरावर तितकं घट्ट बसत नाही.

मग पंप, आणि इथं घाई नको. मागचं तोंड काढा, पात्यांचा पंखा बाहेर घ्या, तो ज्या कड्यात फिरतो ते कडं बघा. पंखा आणि कडं यांच्यातली फट हाच या बोटीचा जीव. फट वाढली की पाणी मागं जायच्या ऐवजी तिथल्या तिथं घुमत राहतं. इंजिन कोकलतं, बोट रांगते. फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, चारी बाजूंनी मोजा. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी लागली तर बेअरिंग गेलंय, कडं बदलून भागणार नाही.

पंखा खराब असेल तर बेळगावात मोह होतो, कारण फौंड्री हाकेच्या अंतरावर. मीही जुना पंखा पिशवीत घालून नेला, "असाच एक ओतून द्या" म्हणालो, आणि ओळखीचा म्हणून त्यांनी तोच पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, धरून ओतून दिला. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न नेहमी मूळ नगापेक्षा थोडा मोठा करतात. नगालाच पॅटर्न केलं की नवा नग लहान येतो. माझा आला. कड्यात घातला तर फटीतून पोस्टकार्ड जाईल. चूक माझीच, मी घाई केली. शेवटी जुन्याच पंख्याच्या कडांना त्याच जातीच्या धातूनं भरणी केली, लेथवर उतरवला, बॅलन्सिंग केलं आणि कडं नवं घातलं. तुम्हीही आधी हाच मार्ग बघा. ओतायचाच असेल तर आकसण्याचं माप धरून वेगळा पॅटर्न करायला सांगा.

शाफ्टवर पाणी अडवणारी ग्लँड दोरी बसते तिथं नखानं खरवडून बघा. नख अडकेल एवढी चर पडली असेल तर शाफ्ट भरून घासून घ्या, नाहीतर महिन्याला दोरी बदलत बसाल. दोरीच्या कड्या शाफ्टवरच गुंडाळून तिरक्या कापायच्या आणि प्रत्येकीचा जोड वेगळ्या दिशेला ठेवायचा. आणि ग्लँड आवळताना हात आखडता घ्या. चालू असताना टिपटिप पाणी गळालं पाहिजे, त्यावरच ती थंड राहते. गोव्याच्या मालकानं एक थेंबही नको म्हणून ती इतकी आवळली होती, की शाफ्ट निळा पडला होता. उसाच्या रानात हे शाळकरी पोराला ठाऊक असतं.

तळाला पंपाचं तोंड जिथं बसतं तिथला गॅस्केट नवाच घाला आणि सांधा तळाशी सपाट करा. नखभर कड जरी खाली डोकावली तरी पळताना तिथून हवा आत जाते आणि विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरावी तसा पंप हवा धरतो. सपाट आहे का ते डोळ्यानं नाही, सरळ पट्टी लावून बघा. याशिवाय दुसरं एक दुखणं आहे. पंप फार जोरात फिरला आणि पुढून पाणी कमी आलं, की पात्यापाशी दाब इतका पडतो की गार पाणीसुद्धा उकळून बुडबुडे होतात, आणि ते फुटताना धातूचे कण ओढून काढतात. सौद्याच्या दिवशी हाताला लागलेले मुंग्यांचे खड्डे ते हेच.

इंजिन. लोक तुम्हाला जुन्या ट्रकचं डिझेल घालायला सांगतील, स्वस्त म्हणून. नको. पंपाचा नियम कडक आहे: फेरे दुप्पट करायचे तर ताकद आठपट लागते. अमेरिकन बोटींत साडेसात लिटरची व्ही-एट इंजिनं घालायचे ती हौस म्हणून नव्हे, पंप मिनिटाला साडेतीन-चार हजारांच्या वर फिरवायचा म्हणून. ट्रकचं डिझेल तिथवर पोचत नाही, आणि वजनानं बोट बसते ती वेगळीच. इंजिन लहान असेल तर पात्यांचं माप लहान करता येतं; ते आधी ठरवा, मग इंजिन घ्या. इंजिन कुठल्या दिशेनं फिरतं आणि पंप कुठल्या, हे बयाणा देण्याआधी बघा. इंजिन आणि पंप यांच्यामधला दांडा जीपच्या मिस्त्रीकडून करून घ्या, दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, एका रेषेत, वर लोखंडी झाकण. इंजिन थंड करायला पाणी पंपातूनच येतं आणि त्याचा दाब मोठा असतो, म्हणून मध्ये गेट व्हॉल्व्ह आणि जाळी हवीच. कृष्णेच्या गाळानं माझी जाळी पहिल्याच दिवशी तीनदा भरली.

वायरिंगचं काम घरच्या वायरमनला देऊ नका, तो कितीही जवळचा असो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या पोटात तळाशी साचते. ती ओढून काढणारा ब्लोअर चार-पाच मिनिटं चालवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. स्टार्टर, अल्टरनेटर आणि कार्बोरेटर बोटीचेच पाहिजेत. मोटारीचे स्वस्त मिळतात, पण त्यांची ठिणगी किंवा पेट्रोल बाहेर येतं.

कागदाचं काम गणपतीतच सुरू करा, नाहीतर बोट तयार आणि माणूस खिडकीत. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीची चौकशी करा, आणि हिडकल किंवा नविलुतीर्थच्या धरणात जायचं तर नीरावरी निगमची, म्हणजे कर्नाटकच्या पाटबंधारे महामंडळाची, परवानगी लेखी घ्या. अर्ज कन्नडमध्ये असला की लवकर सरकतो. माझा शेजारच्या अण्णांनी लिहून दिला, बदल्यात पहिली फेरी त्यांना. राकसकोपचा विचारही नको, ते आपलं प्यायचं पाणी आहे.

पाण्यात उतरायच्या आधी, जमिनीवर बसूनच, एक गोष्ट डोक्यात घोळवा. या बोटीला वेगळं सुकाणू नाही, झोतच तिला वळवतो. समोर खडक दिसला की माणूस थ्रॉटल सोडतो, आणि थ्रॉटल सोडला की झोत गेला, झोत गेला की वळण गेलं. बोट सरळ खडकावर. थ्रॉटल ठेवून वळायचं, हे हाताला वळण लागेपर्यंत रिकाम्या पाण्यात करा. न्यूट्रलही नाही, इंजिन लागलं की पंप फिरलाच. म्हणून किल्ली फिरवताना मागं कुणी उभं नको आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली हवी. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहणाऱ्यांनाही.

पहिला दिवस जानेवारीतला धरा, हिडकलला तेव्हा पाणी भरपूर असतं. उन्हाळ्यात ओसरल्यावर हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं, तेव्हा दर्शनाला जा, बोट घेऊन नको. बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली कुठं आहेत ते कुणालाच दिसत नाही. बोट ढकलत कमरेएवढ्या पाण्यात न्या, तिथंच चालू करा, काठावर केली तर वाळू आणि गोटे आधी पंपात. मागून दणकट दोर काठावरच्या झाडाला. पाच मिनिटं बांधूनच चालवा, ग्लँडपाशी हात धरून थेंब मोजा. जलपर्णी पंपाच्या तोंडावरच्या जाळीला अडकली तर आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मग पंपाचं वरचं झाकण उघडून हात. त्याआधी झाकण पाण्याच्या पातळीच्या वर आहे का ते बघा. आमच्या अण्णांनी ते न बघता उघडलं आणि पहिली फेरी बादलीनं पाणी उपसण्यात गेली.