म्हातारा कुत्रा जेवेनासा झाला, वाळत चालला, तर काय करावं

आमचा मोत्या तेराव्या वर्षी भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायचा, कोपऱ्यात जायचा आणि तिथे हळूच खाली ठेवायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. ‘वय झालं, भूक कमी होणारच,’ म्हणत आम्ही दोन आठवडे घालवले. निघाली मुळाशी पू झालेली दाढ.

म्हणून ताटलीत काय वाढायचं हा प्रश्न नंतरचा. आधी ओळखा: त्याला खाता येत नाहीये, की खावंसंच वाटत नाहीये? भुकेने जवळ येतो, हुंगतो, पण एकाच बाजूने चावतो किंवा घास पाडतो, तर तोंड बघायचं. तोंडाला उग्र वास, लाल हिरड्या, लाळेत रक्त. याउलट वाडगं बघून तोंड फिरवतो, सारखे ओठ चाटतो, लाळ गाळतो, तर बहुधा मळमळ आहे. मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड तपासायला हवं. तिसरा प्रकार फसवा: खातो भरपूर, पाणीही खूप पितो, तरी वाळतो. तिथे मधुमेहाची शंका घ्या.

मग वजन. घरच्या काट्यावर आधी एकटे उभे राहा, नंतर त्याला उचलून घेऊन. दोन्हींतला फरक वहीत लिहा. दर रविवारी, त्याच काट्यावर. 20 किलोचा कुत्रा 18 वर आला म्हणजे दहावा हिस्सा गेला, आता थांबायचं नाही. केसाळ कुत्र्याचं वाळणं डोळ्यांना दिसत नाही. फासळ्यांवरून बोटं फिरवा. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर अंगावर मांस उरलेलं नाही.

डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या, जमल्यास सकाळची पहिली लघवीही. धारेखाली जुनी पळी धरायची. शेजारी हसतील, हसू द्या. रक्ततपासणीत प्लेटलेटही बघायला सांगा, गोचीड-तापात त्या कमी होतात. आपल्याकडे गोचीड-तापाने भूक मेलेले कुत्रे खूप, आणि अंगावर आज गोचीड दिसत नाही म्हणजे हा ताप नाहीच असं नसतं.

आता जेवण. म्हाताऱ्या नाकाला वास कमी येतो, म्हणून अन्न कोमट करून द्या. फ्रीजमधलं थेट कधीच नाही. चिकन साध्या पाण्यात उकडून, हाडं काढून, मऊ भातात कुस्करा. मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण अजिबात नको. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घरच्या मटणाचा रस्सा ‘थोडासाच’ देणारी आजी प्रत्येक घरात असते, तिला आधी सांभाळा. अंडी, कलेजी भरवून ताकद आणायचा मोह होतो, पण मूत्रपिंड थकलेलं असेल तर तेच अंगाशी येतं. रिपोर्ट येईपर्यंत साधं जेवण बरं.

दोनदा भरपूर वाढण्याऐवजी चारदा थोडं द्या. मान वाकवताना दुखत असेल तर वाडगं एखाद्या पाटावर ठेवा, आणि फरशीवर पाय घसरतात म्हणून खाली गोणपाट घाला. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचला. पाणी मात्र कायम समोर हवं. जबरदस्तीने तोंडात कोंबू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मळमळत असताना आवडीच्या पदार्थात कडू औषधही लपवू नका. त्या पदार्थाचीच त्याला शिसारी बसते.

चोवीस तास काहीच खाल्लं नाही किंवा उलट्या होताहेत, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट टम्म फुगलं किंवा धाप लागली, तर ताबडतोब निघा. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. भूक वाढवायची औषधं असतात, उदाहरणार्थ मिर्टाझापीन, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची आणि मूळ कारण शोधणं चालूच ठेवायचं.

उपचार सुरू झाल्यावर वजन लगेच वाढत नाही, आधी उतरायचं थांबतं. दोन रविवार गेले आणि वहीतला आकडा अजून खालीच जातोय, तर तीच वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा.