आजी-आजोबा आणि मुलांसह व्हिएन्ना : थोडे पाहावे, पण बसून पाहावे

व्हिएन्नाला सहकुटुंब जाणाऱ्यांची यादी बहुतेक वेळा राजवाड्यांपासून सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोणाच्या तरी गुडघ्यांपाशी संपते. आमचेही तसेच झाले. पहिल्याच दिवशी दोन संग्रहालये आणि एक राजवाडा असा बेत आखण्याचा उत्साह मीच दाखवला होता. दुपारी चारच्या सुमारास माझ्या सासूबाई एका बाकावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आता मला आणखी एकही राजा दाखवू नका." त्या वाक्यानंतर आम्ही उरलेले दिवस नव्याने आखले. पुढे सांगितलेली पद्धत त्या फेरआखणीतून आलेली आहे : सकाळी एकच संग्रहालय, तेही अडीच तासांपेक्षा जास्त नाही, दुपार बागेत किंवा कॉफीगृहात, आणि एक दिवसाआड संध्याकाळी संगीत. तीन पिढ्या बरोबर असतील तर याहून अधिक काही जमवण्याच्या फंदात पडू नये.

हे शहर या पद्धतीला अनुकूल आहे, आणि त्याला इतिहासातले कारण आहे. सम्राट फ्रान्झ जोसेफ याने १८५७ मध्ये जुन्या शहराभोवतीची तटबंदी पाडण्याचा हुकूम दिला आणि त्या मोकळ्या पट्ट्यात रिंगश्ट्रासे हा रुंद गोलाकार रस्ता उभा राहिला, ज्याचे उद्घाटन १८६५ मध्ये झाले. ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ आणि दोन मोठी संग्रहालये याच रस्त्याला लागून आहेत. त्यामुळे मुक्काम या रिंगच्या आत नसला तरी भुयारी रेल्वेच्या स्थानकापाशी घेतला, तर पायपीट पुष्कळ कमी होते. स्थानकांवर आपल्या मेट्रोसारखी आडवी फाटके नाहीत. तिकीट आधी यंत्रात शिक्का मारून घ्यायचे असते आणि तपासनीस कधीही येऊ शकतो. पूर्ण दिवसांचा पास घेतला तर ही कटकट एकदाच करावी लागते. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

निघण्यापूर्वी

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा त्याला जोडावा लागतो; याविषयी इतके पुरे. त्याहून महत्त्वाचे आहे ते पंचांग. भारतीय शाळांच्या मे महिन्याच्या सुटीत गेलात तर ऑपेरा सुरू असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये स्टाट्सओपरचा, म्हणजे राज्य ऑपेराचा, रंगमंच बंद असतो. परदेशात राहणारी मराठी कुटुंबे बहुधा याच दोन महिन्यांत फिरतात आणि तिथे पोहोचल्यावर हिरमुसतात. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात नगरभवनासमोरच्या चौकात मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि मैफलींची चित्रणे विनामूल्य दाखवली जातात, हा बरा पर्याय आहे. संग्रहालयांच्या साप्ताहिक सुट्या एकाच वाराला नसतात, म्हणून प्रत्येकाचा वार संकेतस्थळावर पाहून वहीत लिहून ठेवावा. ऑस्ट्रियाच्या केंद्रीय संग्रहालयांत १९ वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य आहे. मुलांना कंटाळा आला की पैसे वाया जाण्याच्या भीतीने कोणी त्यांना ओढत नेत नाही, हा या सवलतीचा मला दिसलेला खरा फायदा.

आणखी एक तयारी घरीच करावी. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयात पीटर ब्रॉयगेल थोरला या चित्रकाराचे 'मुलांचे खेळ' नावाचे १५६० सालचे चित्र आहे. त्याची प्रतिमा इंटरनेटवर सहज मिळते. ती दोन-तीन ए-फोर कागदांवर मोठी छापून घ्यावी आणि एका संध्याकाळी मुले व आजी-आजोबा यांना पेन्सिली देऊन ओळखू येईल त्या प्रत्येक खेळाभोवती गोल काढायला सांगावे. या एका तासाने प्रत्यक्ष भेटीत जो फरक पडतो, तो कोणत्याही ऑडिओ-गाइडने पडत नाही.

ब्रॉयगेलचे दालन

संग्रहालयाची इमारत १८९१ मध्ये खुली झाली. जिना चढताना डोक्यावरच्या कमानींच्या कोपऱ्यांत गुस्टाफ क्लिम्ट या चित्रकाराने तरुणपणी रंगवलेल्या आकृती आहेत; त्या मान वर करून एकदा पाहाव्यात आणि थेट चित्रदालनांकडे वळावे. ब्रॉयगेलच्या आज शिल्लक असलेल्या चाळीसेक रंगचित्रांपैकी बारा इथे आहेत, आणि एवढी जगात दुसरीकडे कुठेही एकत्र नाहीत. चित्रदालनांत मऊ गाद्यांची ऐसपैस आसने आहेत. आजी-आजोबांना आधी तिथे बसवावे आणि मग मुलांना चित्रापाशी न्यावे. हात लांबवून दाखवू नये, कारण बोट फार जवळ गेले तर पहारेकरी लगेच हटकतात. खुणा तोंडी सांगाव्यात.

'मुलांचे खेळ' हे चित्र ११८ सेंटिमीटर उंच आणि १६१ सेंटिमीटर रुंद आहे. एवढ्या लाकडी फळीवर दोनशेहून अधिक मुले ऐंशीच्या आसपास खेळ खेळत आहेत. सुरुवात खालच्या डाव्या कोपऱ्यापासून करावी. तिथे दोघीजणी जमिनीवर बसून जे खेळत आहेत, ते पाहून आमच्या सासूबाई आसनावरून उठून पुढे आल्या, कारण ते सरळसरळ सागरगोटे आहेत. फरक इतकाच, की त्या खेळात बियांऐवजी मेंढीच्या पायाची छोटी हाडे वापरली जात. तिथून नजर थोडी उजवीकडे नेली की पिंपाची कडी काठीने पळवणारी मुले दिसतात. ज्यांनी लहानपणी सायकलचा जुना टायर गल्लीतून असाच पळवला आहे, त्यांना काही समजावून सांगावे लागत नाही. डावीकडे निळी टोपी तोंडावर ओढलेली आंधळी कोशिंबीर आहे, दूर कमानींखाली भोवरे फिरत आहेत, कोणी उंच काठ्यांवर चालते आहे, कोणी वाकलेल्या गड्यांवरून उड्या मारते आहे आणि एका बाजूला खोटे खोटे लग्नही चालले आहे. त्या लग्नाकडे बोट करून आमच्या मुलीने विचारले, "हे भातुकलीतलं लग्न आहे का?" तेच आहे. एक गोष्ट मात्र मुलांनाच शोधू द्यावी : या मुलांचे चेहरे लहान मुलांसारखे आहेत का? ब्रॉयगेलची पोरे मोठ्या माणसांसारखी गंभीर तोंडे करून खेळतात. असे का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, त्यामुळे घरातल्या कोणाचेही उत्तर चुकीचे ठरत नाही.

त्यानंतर 'शेतकऱ्यांचे लग्न' हे साधारण १५६७ चे चित्र पाहावे. ही धान्याच्या कोठारातली पंगत आहे. बिजागरीवरून काढलेल्या दारावर वाडगी मांडून दोन वाढपी ती वाहून आणत आहेत, आणि पुढच्या जमिनीवर मोठी टोपी घातलेले एक मूल थाळी बोटाने चाटूनपुसून साफ करते आहे. नवरी कुठे आहे ते मुलांना शोधायला सांगावे. मागच्या हिरव्या कापडावर टांगलेला मुकुट ही खूण आहे. नवरदेव कोणता, हे मात्र आजवर कोणाला खात्रीने सांगता आलेले नाही. पिशवी-बाजा वाजवणाऱ्याचे लक्ष वाद्यात नसून वाडग्यांत आहे, हे आजोबांनी सर्वांत आधी हेरले. लग्नात बँडवाल्यांची जेवणे शेवटी होतात, एवढेच ते म्हणाले.

'बाबेलचा मनोरा' हे १५६३ चे चित्र यंत्रांची आवड असलेल्या मुलासाठी राखून ठेवावे. त्यातल्या यारीच्या मोठ्या चाकात माणसे आतून चालत राहून दगड वर चढवतात, आणि ती बारकाईने पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. 'बर्फातले शिकारी' हे १५६५ चे चित्र शेवटी घ्यावे आणि त्याच्यासमोर फारसे बोलू नये.

इथे साधारण पाऊण तास जातो आणि तो जाऊ द्यावा. संग्रहालयात आणखी दोनच थांबे घ्यावेत. पहिला आर्चिम्बोल्दोचा, ज्याने फळे, भाज्या आणि धान्याची कणसे जुळवून माणसांचे चेहरे रंगवले. त्याच्या १५६३ मधल्या 'उन्हाळा' या चित्रातल्या चेहऱ्याचे नाक काकडीचे आहे. दुसरा चेल्लिनी या इटालियन शिल्पकाराने घडवलेल्या सोन्याच्या मीठदाणीचा. ही मीठदाणी २००३ मध्ये चोरीला गेली आणि २००६ मध्ये जंगलात पेटीत पुरलेली सापडली. ही गोष्ट सांगितल्यावर पेंगुळलेली मुलेही जागी होतात. उरलेली दालने बघायची राहिली म्हणून हळहळू नये. घुमटाखालच्या कॅफेत बसून कॉफी घ्यावी आणि बाहेर पडावे.

समोरच, राणी मारिया थेरेसाच्या पुतळ्यापलीकडे, याच इमारतीची जुळी बहीण आहे : निसर्गविज्ञानाचे संग्रहालय. ते दुसऱ्या दिवशी करावे. डायनोसोरांपेक्षा मला तिथली विलेनडॉर्फची व्हीनस अधिक भावली. १९०८ मध्ये सापडलेली ही जेमतेम ११ सेंटिमीटरची दगडी मूर्ती सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची आहे आणि एका छोट्या अंधाऱ्या खोलीत ठेवलेली आहे. मूठभर दगडासमोर सगळे कुटुंब आपोआप हळू आवाजात बोलू लागते.

बाकीच्या चित्रांबद्दल थोडक्यात. क्लिम्टचे 'चुंबन' वरच्या बेल्वेदेर राजवाड्यात आहे. त्यासमोर कायम गर्दी असते, म्हणून उघडण्याच्या वेळेलाच जावे आणि वेळेचे तिकीट आधी काढावे. आल्बर्टिना संग्रहातला ड्यूरर या चित्रकाराचा प्रसिद्ध १५०२ चा ससा बघायचाच, असा हट्ट मुलांना शिकवून नेऊ नये. कागदावरचे रंग उजेडाने उडतात म्हणून मूळ चित्र क्वचितच बाहेर काढतात. शोनब्रुन राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत, पण पाहायला साधारण चाळीसच खुल्या आहेत आणि त्याही मला जास्त वाटल्या. त्याच्या बागेत फिरणारी छोटी गाडी वडीलधाऱ्यांसाठी घ्यावी, आणि १७५२ पासून चालू असलेले, जगातले सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय मुलांसाठी. पुढे थोर संगीतकार झालेला मोत्सार्ट सहा वर्षांचा असताना १७६२ मध्ये याच राजवाड्यात राणीसमोर वाजवून गेला, हे पियानोच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला सांगावे की नाही, ते आईवडिलांनी आपापले ठरवावे.

खाणे

शाकाहारी कुटुंबाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : इथे भाजीचे सूपही मांसाच्या रश्शात केलेले असू शकते. आम्ही एका उपाहारगृहात फक्त "मांस नको" एवढेच सांगितले आणि वाडगा समोर आल्यावर वासावरून शंका आली. सूप कशात उकळले आहे, हे वेगळे विचारावे. चीजमध्ये घोळलेले श्पेट्झले हे गव्हाच्या पिठाचे तुकडे, सफरचंदाचा श्ट्रुडेल, तुकडे केलेला गोड धिरड्यासारखा काइझरश्मार्न हे पोटभरीचे पदार्थ सगळीकडे मिळतात. श्पेट्झले आणि काइझरश्मार्न या दोन्हींत अंडे असते, आणि काइझरश्मार्नमध्ये कधी मनुका रममध्ये भिजवलेल्या असतात. रविवारी वाण्याची दुकाने जवळपास सगळी बंद असतात, म्हणून दूध, पाव आणि फळे शनिवारीच आणून ठेवावीत. अगदी अडल्यास मोठ्या रेल्वे स्थानकावरचे दुकान उघडे मिळते. पाणी विकत घेऊ नये. नळाला येणारे पाणी आल्प्सच्या झऱ्यांचे आहे, आणि पहिला जलवाहक मार्ग १८७३ पासून चालू आहे.

कॉफीगृहात एक कप घेऊन दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. कॉफीबरोबर चकचकीत ताटलीत पाण्याचा पेला येतो. दमलेल्या वडीलधाऱ्यांना तिथे वर्तमानपत्रांच्या लाकडी दांड्यांशेजारी सोडून बाकीच्यांनी गल्ल्यांत हिंडून यावे.

संगीत

श्टेफान्सडोम या मुख्य चर्चच्या परिसरात केसांचे टोप आणि लांब कोट घातलेले विक्रेते मैफलींची तिकिटे विकतात. ते कार्यक्रम पर्यटकांसाठी रचलेले असतात. मुले लहान असतील आणि तासाभराची तोंडओळख पुरेशी असेल तर जायला हरकत नाही, पण तिथे व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा नामांकित वाद्यवृंद ऐकायला मिळेल अशी समजूत करून घेऊ नये. फिलहार्मोनिकचे घर म्हणजे १८७० मध्ये उघडलेले म्युझिकफेराइन हे संगीतगृह. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ मध्ये याच शहरात संगीत शिकायला आले आणि पुढे तिथल्या नववर्षाच्या मैफलीचे त्यांनी पाच वेळा संचालन केले. बाहेरून तरी ही इमारत दाखवावी.

स्टाट्सओपरमध्ये उभ्याने ऐकण्याच्या स्वस्त जागा असतात आणि त्यांची तिकिटे त्याच दिवशी मिळतात. रांगेत लवकर लागावे, आत गेल्यावर कठड्याला रुमाल बांधून जागा धरावी, ही तिथली जुनी रीत आहे, गावाकडच्या एस.टी.त खिडकीतून टाकलेल्या रुमालाला जो मान असतो, तोच याला आहे. समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत शब्द वाचता येतात. मोठ्या मुलाला एका पालकाने घेऊन जावे आणि मध्यंतरात निघून येण्याची तयारी ठेवावी. आजी-आजोबांसाठी मात्र बसण्याचीच तिकिटे काढावीत.

शेवटच्या सकाळी ७१ क्रमांकाच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीला जावे. जुने व्हिएन्नावासी मरण पावलेल्या माणसाबद्दल "तो ७१ ने गेला" असे म्हणत, ते यामुळेच. दुसऱ्या दरवाजापाशी उतरले की बेटोफेन (बीथोवन), शूबर्ट आणि ब्राम्स या संगीतकारांच्या समाध्या थोड्या अंतरावर एकत्र आहेत. त्यांच्या मधोमध मोत्सार्टचे फक्त स्मारक आहे. त्याला १७९१ मध्ये सांक्ट मार्क्सच्या छोट्या दफनभूमीत पुरले आणि ती नेमकी जागा पुढे कोणाला सापडली नाही. ही ट्राम त्या बाजूनेच येते. परतीच्या वाटेवर तिथे उतरायचे असेल तर अर्धा तास हाताशी ठेवावा आणि सामान हॉटेलवरच सोडून यावे.