दोघांची सायकल टूर: पासाऊ ते व्हिएन्ना, सामान बांधताना या चुका टाळा

पंप नवऱ्याच्या बॅगेत होता आणि नवरा तीन किलोमीटर पुढे. मी डॅन्यूबच्या काठी, श्लोगेनच्या प्रसिद्ध वळणाच्या जरा अलीकडे, पंक्चर झालेलं मागचं चाक बघत बसलेली. 'दोघांत एकच पंप पुरे, तेवढंच वजन वाचेल' हा हिशेब पुण्यात अगदी चोख वाटला होता.

जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा हा रस्ता साधारण सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे आरामात सहा-सात दिवसांचा. नदीकाठ, बहुतेक सपाट, वारा बहुतेकदा पश्चिमेचा म्हणजे पाठीवर. त्यामुळे परदेशात पहिल्यांदाच सायकल चालवणाऱ्या जोडप्याला रस्ता फारसा छळत नाही. छळतं ते चुकीचं बांधलेलं सामान.

सगळी हत्यारं एकाच्या बॅगेत

सायकलवर दोघं दिवसभर शेजारी शेजारी नसतात. एक फोटोला थांबतो, दुसरा पुढे निघतो. त्यामुळे छोटा पंप, एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या) आणि ऍलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) लहान सेट दोघांकडे वेगवेगळा हवा. चेन तोडायचं हत्यार, चेनची जोडकडी, पॅचचा डबा, झिप टाय आणि जादा ब्रेक पॅड हे मात्र एकेकच पुरे. ट्यूब घेताना चाकाचा आकार आणि व्हॉल्व्ह दोन्ही बघा. माझ्या सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह, त्याच्या सायकलला मोटारसायकलसारखा जाड श्रेडर. श्रेडरची ट्यूब प्रेस्टाच्या रिमच्या भोकात शिरतच नाही. दोन्हींना चालणारा पंप घ्या आणि घरीच एकदा हवा भरून बघा.

हाच नियम पैशांना. एकेक कार्ड, थोडे युरो आणि एकमेकांच्या पासपोर्टची झेरॉक्स दोघांकडे हवी.

वजनाची काटेकोर वाटणी

आम्ही घरच्या काट्यावर अकरा-अकरा किलो केले आणि स्वतःवर खूश झालो. पहिल्याच दुपारी मी मागे आणि तो वैतागलेला. ज्याचे पाय जोरात चालतात त्याच्याकडे जास्त वजन द्या, म्हणजे वेग आपोआप जुळतो. दुसऱ्या दिवशी चार किलो त्याच्याकडे गेले आणि भांडण मिटलं. (त्यातलं दीड किलो त्याच्याच कॅमेऱ्याचं होतं, हे नोंदवून ठेवते.)

उतारावर हँडल थरथरत असेल तर जड वस्तू पॅनियरच्या (कॅरियरच्या बाजूला लटकणाऱ्या बॅगेच्या) तळाशी आणि चाकाच्या जवळ आणा, डावी-उजवी बाजू सारखी करा. तरीही थरथर राहिली तर कॅरियरचे स्क्रू तपासा. प्रवासात ते ढिले होतात. या वाटेवर गावोगावी राहायची सोय आहे, त्यामुळे तंबू आणि स्टोव्ह हौस असेल तरच न्या.

आपली सायकल की भाड्याची?

आठवडाभराच्या टूरसाठी माझं मत भाड्याच्या बाजूने. पासाऊला मिळते. पण तिथे दोन गोष्टी आपल्याला पाडू शकतात. तिकडे पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. शिवाय काही सायकलींना उलटं पेडल मारलं की ब्रेक लागतो. आधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं फिरा. स्वतःची सीट मात्र नक्की न्या. पायाला सवयीची पेडलंही नेली तर उत्तम.

आपलीच सायकल नेणार असाल तर पेडल काढताना लक्षात ठेवा, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा घाला. प्रवासात ब्रेकचा लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. चाक बसल्यावर डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट ढिले करा, ब्रेकचा लिव्हर दाबून धरा आणि तसेच आवळा. मागचे गिअर अडखळले तर केबलला हात लावण्याआधी डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्या छोट्या पट्टीवर बसतो ती हँगर वाकली आहे का ते बघा. ती प्रत्येक सायकलची वेगळी, ऐनवेळी दुकानात मिळेलच असं नाही. जादा एक घरूनच न्या.

विमानतळावर अडकणारं सामान

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवरची असते, विमानाच्या 100 वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. नट-बोल्टचे पाने आणि ऍलन की चेक-इनमध्ये. गॅसचे डबे कुठेच नाहीत. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, ती सायकल तिथेच भाड्याने घ्या. पेढे, बर्फी, पनीरही घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली. उकडलेल्या बटाट्यांवर भुरभुरली की रात्रीचं जेवण होतं.

कपडे

सुती टी-शर्ट नकोत, धुतल्यावर सकाळपर्यंत वाळत नाहीत. सायकलचे दोन जोड, संध्याकाळचा एक, बस. सायकलच्या गादीच्या (आत पॅड असलेल्या) चड्डीखाली आतली चड्डी घालायची नसते. हे मला तिसऱ्या दिवशी, फार उशिरा कळलं. रेनकोट बॅगेत सगळ्यात वर. पॅनियर जलरोधक असलं तरी कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत.

दिवा आणि घंटी दोन्ही सायकलींना हवीच, ऑस्ट्रियात घंटी कायद्याने लागते. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा केळी आणि ब्रेड शनिवारीच. व्हिएन्नाहून रेल्वेने परतताना सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि जलद रेलजेट गाडीत तिची जागाही आधी राखून ठेवावी लागते. आम्ही एकच जागा राखली होती. तो रेलजेटने गेला, मी माझी सायकल घेऊन धीम्या गाडीने. या वेळी पंप माझ्याकडे होता.