सुट्ट्यांसाठी मसाल्याची गरम कॉफी
दोन कपांसाठी दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा आणि चिमूटभर जायफळ एवढा मसाला पुरतो. दालचिनी व लवंगा किंचित ठेचून एक कप दुधात घालाव्यात आणि दूध मंद आचेवर, उकळी फुटू न देता, सात-आठ मिनिटे तापवावे; मसाल्यांतील सुगंधी तेले दुधाच्या स्निग्धांशात सहज उतरतात, मात्र लवंग फार वेळ राहिल्यास तिचा उग्रपणा कॉफीवर मात करतो. कॉफी वेगळ्या भांड्यात, नेहमीपेक्षा दाट काढावी. ती दुधाबरोबर उकळत ठेवल्यास कडवट होते. गाळलेल्या दुधात साखर विरघळवून मग एक कप कॉफी ओतावी. जायफळ शेवटी, शक्यतो ताजे किसून घालावे. तयार पूड चालते, पण तिचा वास बहुधा उडालेला असतो.