व्यसनविकाराच्या निदान-मुलाखतीची वैधता तपासताना या चुका टाळा

निदान-मुलाखत म्हणजे ठरलेले प्रश्न विचारून विकार आहे की नाही हे ठरवणारी मुलाखत. तिची वैधता, म्हणजे ती विकार खरंच ओळखते का, हे तपासायला घेतलं आणि आकडे कमी आले, की खापर प्रश्नावलीवर फुटतं. प्रत्यक्षात अनेकदा खोट असते ती मुलाखत ज्याच्याशी ताडून पाहिली त्या मापातच.

लघवीच्या तपासणीला अंतिम शब्द मानणं ही यातली सर्वांत नेहमीची चूक. ही तपासणी एवढंच सांगते, की अलीकडे पदार्थ शरीरात गेला होता. कोकेनचे अंश साधारण दोन ते चार दिवस सापडतात; रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडेही राहतात. विकार ठरतो तो वेगळ्याच गोष्टींवर. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेत ११ निकष आहेत आणि १२ महिन्यांत त्यांतले किमान २ जुळावे लागतात. तलफ, सुटलेला ताबा, कामाची हेळसांड यांतलं काहीही लघवीत उतरत नाही. ‘मी काहीच घेत नाही’ हे म्हणणं पडताळायला तपासणी जरूर वापरा, निदान पडताळायला नको.

मग डॉक्टरांचं मत घेऊ, असं ठरतं. पण एकाच भेटीतलं मत हेही कच्चंच माप. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी १९८३ मध्ये ‘लीड’ ही पद्धत सुचवली: तज्ज्ञांनी, बराच काळ लक्ष ठेवून, घरचे, जुने कागद, तपासण्या अशी मिळेल ती सगळी माहिती घेऊन निदान करायचं. वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय स्वस्तात मिळत नाही. फक्त त्या ‘सगळ्या माहितीत’ मुलाखतीचा निकाल घुसू देऊ नका. तो आधीच कळला, तर तज्ज्ञ नकळत त्याच्याकडेच झुकतात आणि जुळणी खोटी वाढते.

माणसं कुठून घेतली, हेही पाहा. उपचार केंद्रातले रुग्ण एका बाजूला आणि कधी थेंबही न घेतलेले दुसऱ्या बाजूला, असा अभ्यास केला तर कुठलीही मुलाखत हुशार ठरते. खरी परीक्षा मधल्या, सीमेवरच्या लोकांत. शिवाय संवेदनशीलता (विकार असलेल्यांपैकी किती जण बरोबर ओळखले) आणि विशिष्टता (विकार नसलेल्यांपैकी किती जण बरोबर वगळले) दोन्ही ९० टक्के धरल्या, तरी निम्म्या लोकांना विकार असलेल्या गटात मुलाखतीने ‘विकार आहे’ म्हटलेल्यांपैकी ९० टक्के खरे निघतात. ५ टक्क्यांनाच विकार असलेल्या गटात जेमतेम ३२ टक्के. केंद्रातला आकडा उचलून सर्वेक्षणाला चिकटवू नये तो यासाठी.

टक्केवारीतली जुळणीही फसवते. १०० जणांत दोन्ही पद्धती २ जणांना ‘हो’ आणि ९० जणांना ‘नाही’ म्हणाल्या, उरलेल्या ८ पैकी चौघांना फक्त पहिलीने आणि चौघांना फक्त दुसरीने ‘हो’ म्हटलं, तर जुळणी ९२ टक्के दिसते. कॅपा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वगळून काढलेला आकडा, मात्र ०.२९ च्या आसपास. दोन्ही आकडे द्या, सोबत चार घरांचा (हो-हो, हो-नाही, नाही-हो, नाही-नाही) तक्ताही द्या.

प्रश्न गाळण्याची सोय एकदा उघडून पाहा. काही मुलाखतींत सुरुवातीच्या प्रश्नांना ‘नाही’ आलं, की पुढचा भाग विचारलाच जात नाही. त्यात गळालेले लोक ‘विकार नसलेले’ म्हणून मोजले जातात! अशा काही जणांना तरी पूर्ण मुलाखत द्या.

आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितल्याप्रमाणे वेदनाशामक अफूजन्य गोळ्या घेणाऱ्याची वाढलेली सहनशीलता किंवा गोळी थांबवल्यावरचा त्रास डीएसएम-५ मध्ये निकष म्हणून मोजत नाहीत. मुलाखत घेणाऱ्याने हे विचारलं नाही, तर आकडे फुगतात.

हे सगळं नीट करूनही जुळत नसेल, तर न जुळलेल्यांपैकी काहींना पुन्हा बोलवा आणि प्रश्न त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ‘ठरवल्यापेक्षा जास्त प्यायलात का?’ याला रोज झिंगेपर्यंत पिणारा सरळ ‘नाही’ म्हणतो, कारण त्याने काही ठरवलेलंच नसतं. तिथे आधी ‘किती प्यायची, हे ठरवून बसता का?’ असं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर मूळ प्रश्नाचा ‘नाही’ तसाच नोंदवू नका. थांबायचं मनात असूनही पीत राहिल्याचे प्रसंग विचारा.