मशीन शॉपमध्ये कामाच्या वेळेची आणि कामगिरीची नोंद कशी ठेवावी

भोसरी, चाकण किंवा कोल्हापूरजवळची शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत पंधरा-वीस कामगारांची जी मशीन शॉप आहेत, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी वेळेची नोंद म्हणजे हजेरीचे मस्टर किंवा दारावरचे अंगठ्याचे यंत्र एवढीच असते. त्यातून कामगार किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे कळते, आणि पगार काढायला तेवढे पुरते. मधल्या आठ तासांचे काय झाले, हे मात्र त्यातून कळत नाही. उत्पादन वाढवायचे असेल तर प्रश्न नेमका तोच असतो. म्हणून हजेरी आणि कामाचा वेळ या दोन नोंदी आरंभापासूनच वेगळ्या ठेवाव्यात. पहिली पगारासाठी, दुसरी नियोजनासाठी. कामाच्या नोंदीवरून पैसे कापले जाऊ लागले की ती नोंद त्याच दिवसापासून खोटी लिहिली जाते, आणि खोट्या नोंदीपेक्षा कोरा कागद बरा.

सुरुवातीलाच सर्वांच्या हाती तक्ते देऊ नयेत आणि सॉफ्टवेअरही लगेच विकत घेऊ नये. आधी दोन आठवडे नमुना-पाहणी करावी. रोज चार वेळा सुपरवायझरने शॉपमधून एक फेरी मारावी आणि प्रत्येक मशीनपाशी त्या क्षणी जे दिसेल तेच लिहावे: चालू, सेटिंग (नव्या कामासाठी मशीन लावणे), मालाची वाट, टूल बदल, तपासणीची वाट, दुरुस्ती किंवा माणूस जागेवर नाही. फेरीच्या वेळा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, कारण साहेब बरोबर अकराला येतात हे दोन दिवसांत सगळ्या शॉपला पाठ होते. सात मशीन, चार फेऱ्या आणि कामाचे बारा दिवस धरले तर ३३६ नोंदी मिळतात. मशीन सुमारे ३० टक्के वेळ बंद राहत असतील, तर एवढ्या नोंदींवरून निघालेला आकडा शंभरांतील ९५ वेळा खऱ्या आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आत (म्हणजे ३० च्या जागी २५ ते ३५) येतो. ही पद्धत नवी नाही, एल. एच. सी. टिपेट या संख्याशास्त्रज्ञांनी ती ब्रिटनमधील कापड गिरण्यांतल्या मागांसाठी वापरली होती. तिचा मोठा गुण असा की, कोणाच्याही डोक्यावर दिवसभर उभे राहावे लागत नाही.

पाहणीतून जी चार-सहा कारणे वारंवार पुढे येतील, त्यांवरूनच जॉब कार्ड, म्हणजे प्रत्येक कामासोबत कामगाराने भरायचा कागद, तयार करावे. कार्ड मराठीत असावे आणि एका पानाच्या आत मावावे. ड्रॉइंग क्रमांक, ऑपरेशन, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, चांगले नग, रिजेक्ट नग, आणि मशीन दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबले तर त्याचे कारण, एवढे रकाने पुरतात. कारणांना एक ते सहा असे आकडे द्यावेत, म्हणजे तेलकट हाताने लांबलचक लिहावे लागत नाही. ‘इतर’ हा रकाना ठेवावा, पण थांबलेल्या वेळेचा दहावा भाग त्यातच जाऊ लागला तर कामगारांना दोष देण्याआधी आपली कारणांची यादी दुरुस्त करावी. कार्ड काम बदलताना जागच्या जागी भरले जावे. पाळी सुटताना आठवून भरलेल्या कार्डांत सगळ्या वेळा पाच आणि दहाच्या पाढ्यात येतात, यावरून ती ओळखू येतात.

यानंतर प्रत्येक ऑपरेशनचा प्रमाण वेळ, म्हणजे एका नगाला लागायला हवा तो वेळ, ठरवावा लागतो, आणि सर्वांत जास्त भांडणे येथेच होतात. सवयीच्या, पण सर्वांत वेगवान नसलेल्या कामगाराचे किमान दहा-पंधरा नग घड्याळ लावून पाहावेत, सरासरी काढावी, आणि व्यक्तिगत गरजा, थकवा व किरकोळ अडथळे यांसाठी दहा ते पंधरा टक्के भर घालावी. सरासरी साडेतीन मिनिटांची आली आणि १४ टक्के भर धरली, तर प्रमाण वेळ सुमारे चार मिनिटांचा होतो. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, मात्र कटिंगचा वेळ प्रोग्राम ठरवतो. तेथे कामगाराच्या हातात फक्त नग चढवणे, उतरवणे आणि मोजणे असते, तेव्हा तेवढाच भाग त्याच्या नावावर धरावा.

घड्याळ लावण्यापूर्वी ते का लावत आहोत हे सांगणे टाळू नये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्र कारखान्यात १९११ साली मोल्डर (ओतकामाचे साचे बनवणाऱ्या) कामगारांनी काम बंद केले, ते स्टॉपवॉचवरूनच. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या १९२८ च्या प्रदीर्घ संपामागेही प्रत्येकाकडे जास्त यंत्रे सोपवण्याच्या मालकांच्या योजनांचे कारण होते. मोजमापानंतर आपल्यावरचा बोजा वाढणार, ही शंका आपल्याकडे जुनी आहे आणि ती निराधारही नाही. प्रमाण वेळ ठरल्यावर रीत, टूल किंवा ड्रॉइंग बदलल्याशिवाय तो कमी केला जाणार नाही, असे लेखी द्यावे आणि पाळावे.

आता एका कार्डाचा हिशेब पाहू. समजा आठ तासांच्या पाळीतून जेवण व चहाची ५० मिनिटे वजा जाऊन ४३० मिनिटे उरली. (चहाचा वेळ येथे वजा केला असेल तर प्रमाण वेळेतील भरीत तो पुन्हा धरू नये, ही चूक नेहमी होते.) चार मिनिटांच्या हिशेबाने १०७ नग व्हायला हवेत, पण झाले ७८, आणि त्यांतले ३ रिजेक्ट. नुसते हे आकडे फळ्यावर लावले तर कामगार ७३ टक्क्यांवर दिसतो आणि बोलणी खातो. कार्डावर मात्र सेटिंगची ५०, मालाची वाट पाहण्याची ३० आणि इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी धार) मिळेपर्यंतची १२, अशी ९२ मिनिटे थांबल्याची नोंद आहे. म्हणजे मशीन ३३८ मिनिटे चालले, त्यात ३१२ मिनिटांचे काम झाले. वेगाची टक्केवारी ९२ पडते. मंद कामामुळे २६ मिनिटे गेली, रिजेक्ट नगांत १२ गेली, आणि थांबण्यात ९२. त्या ९२ पैकी किमान ४२ मिनिटे, म्हणजे माल आणि इन्सर्ट यांची, स्टोअर व नियोजन यांच्या खात्यावर जातात. उपलब्ध वेळ, वेग आणि दर्जा या तिन्हींचा गुणाकार केला तर सुमारे ७० टक्के येतात. टीपीएम (यंत्रांच्या देखभालीत सर्वांना सामील करणारी पद्धत) राबवणारे कारखाने ओईई, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता, म्हणतात तो हाच आकडा. माझ्या मते लहान शॉपने या एका आकड्यामागे लागू नये, कारण कोणाच्या दारात जायचे हे तो सांगत नाही. मिनिटांची फोड ते सांगते.

आठवड्यातून एकदा, शनिवारी पाळी सुटण्याआधी वीस मिनिटे, सर्वांत जास्त वेळ खाणारे एकच कारण निवडून त्यावर बोलावे. फळ्यावर मशीनचे आकडे लावावेत, माणसांची नावे नाहीत. एखाद्या कामगाराचा वेग तीन-चार आठवडे सतत कमी दिसला तर त्याच्याशी एकट्याशी बोलावे, आणि त्याआधी त्याला मिळणारा माल, त्याचे फिक्स्चर (नग पकडून ठेवणारे साधन) व त्या मशीनची अवस्था स्वतः पाहून यावी. नगांच्या संख्येवर बक्षीस लावायचे असेल तर ते फक्त चांगल्या नगांवर लावावे, नाहीतर संख्येच्या घाईत नग तपासायचे गेज बाजूला पडते.

हजेरीच्या बाबतीत कायद्याचे भान हवे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर हे नियम १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून चालत आले आहेत. त्यामुळे ओव्हरटाइमची नोंद मस्टरशी जुळलीच पाहिजे, जॉब कार्डावर एक आणि पगारपत्रकात दुसरे असे चालत नाही. अंगठ्याचा ठसा आणि कॅमेऱ्याचे चित्रण हजेरी व सुरक्षिततेपुरतेच वापरावे, ते कोण पाहू शकते आणि किती दिवस ठेवले जाते हे सूचना फलकावर लावावे.

तीन महिन्यांनी नमुना-पाहणी पुन्हा करावी, त्याच चार फेऱ्या आणि तेच बारा दिवस. ‘मालाची वाट’ खाली आली आणि ‘तपासणीची वाट’ वर गेली, असे बहुधा दिसेल. तेव्हा पुढच्या शनिवारचा विषय तपासणीचे टेबल.